सरहद्दीवरची कादंबरी: होतकरूंसाठी चार सूचना

ऐतिहासिक कादंबरी लिहायचं तुम्ही ठरवलंय, तीही नर्मदेपलीकडच्या मराठी सरहद्दीवरची. अभिनंदन. इंदूरच्या मराठी माणसाला निवृत्तीनंतर दोनच गोष्टी सुचतात, नर्मदा परिक्रमा किंवा ऐतिहासिक कादंबरी. परिक्रमेत चालावं लागतं.

पहिलं काम म्हणजे होळकरांच्या राजवाड्यासमोर उभं राहून फोटो काढणं. मलपृष्ठाला लागतो. फोटो काढताना मागच्या वाड्याकडे फार निरखून बघू नका. १८०१ मध्ये इंदूर लुटून त्याला आग लावली ती सर्जेराव घाटग्यांनी, म्हणजे शिंद्यांच्या फौजेने. ही गोष्ट कादंबरीत आणलीत तर शत्रू कोण ते वाचकाला आडनावावरून कळणार नाही, आणि शत्रू पहिल्या पानावर ओळखू आला नाही तर माणूस पुस्तक मिटतो.

नायकाने निघावं ते दसऱ्याला. पाऊस ओसरलेला, नद्यांना उतार, आपट्याची पानं वाटून झालेली, मावळतीकडे तोंड करून घोडा फुरफुरतोय. (माळवा उत्तरेला आहे हे मला ठाऊक आहे. पण सूर्यबिंबासमोर घोडा चांगला दिसतो.) त्याच दिवसांत शेतात पीक तयार असतं आणि मुलूखगिरीला निघालेल्या हजारो घोड्यांचं पोट त्याच शेतांवर भरतं, हा योगायोग वर्णनात घेऊ नये. चौथाई हा शब्द मात्र घ्यावाच, आणि तो गर्जून घ्यावा. वसुलाचा चौथा हिस्सा, शिवाय सरदेशमुखी म्हणून दहावा, असा हिशेब मांडायला बसलात तर कुणीतरी विचारणार की हे भरत कोण होतं.

आता दुअमली. हिच्यापासून तर चार हात लांबच राहा. झालं होतं असं की मराठे माळव्यात आले म्हणून मोगल लगेच उठून गेले नाहीत. कित्येक वर्षं एकाच परगण्यात बादशहाचा अंमलदार आणि पेशव्यांचा कमाविसदार, दोघंही वसुलाला येत. पाटलाने एकाला ओसरीवर खाट टाकून द्यायची, ताक पाजायचं, खळं अजून झालं नाही म्हणून सांगायचं. तोवर पोराला मागल्या दाराने पिटाळून दुसऱ्याला निरोप द्यायचा की आज येऊ नका. दोघांनाही सांगायचं, आम्ही आपलेच. धान्य पेवात, पेवावर उकिरडा, उकिरड्यावर म्हातारी बसवलेली. आता सांगा, अशा पाटलाला घेऊन चारशे पानं कशी रेटणार? त्याच्या हातात तलवार नाही, त्याचं कुणावर प्रेम नाही, आणि रात्री झोप लागत नाही ती मेव्हण्याने दुसऱ्या अंमलदाराकडे चुगली केली म्हणून. अशा माणसाचा पुतळा कुणी उभारत नाही. तुम्हीही उभारू नका.

लढाई हवी असेल तर अमझेऱ्याची घ्या, २९ नोव्हेंबर १७२८, धारजवळची. इकडे चिमाजी अप्पा, तिकडे माळव्याचा मोगल सुभेदार. इथे सुभेदाराला दाढी, सुरमा आणि गडगडाटी हास्य द्यायची प्रथा आहे. अडचण एवढीच की त्याचं नाव गिरधर बहादूर आणि तो नागर ब्राह्मण होता. तो त्या लढाईत मारला गेला. अशा वेळी डगमगू नये, नावच गाळावं आणि सबंध प्रकरणभर ‘तो क्रूरकर्मा’ म्हणावं. पुढे तेरा वर्षांनी, १७४१ मध्ये, पेशव्यांना माळवा रीतसर मिळाला तो बादशहाचे नायब सुभेदार म्हणून. वर सुभेदार नावापुरता एक शहजादा. आधी मुलूख घ्यायचा आणि मग त्याच मुलखाच्या नेमणुकीचा कागद मागायचा, हे वीररसात बसत नाही. सरकारी खात्यात नोकरी केलेल्याला ते चटकन पटेल, पण तो पुस्तक ग्रंथालयातून आणतो, विकत घेत नाही.

छावणीत जेवण दाखवायचं झालं तर साबुदाण्याची खिचडी दाखवा, आपल्या सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत मिळते तशी. साबुदाण्याचे कारखाने तमिळनाडूत सेलमला निघाले ते विसाव्या शतकात, पण एकादशीला असल्या शंका काढू नयेत.

बायकांचं काय करायचं, हा प्रश्न तुम्हाला पडेलच. अहिल्याबाईंना पांढरं लुगडं, हातात पिंड आणि मिटलेले डोळे एवढं दिलं की भागतं. १७६५ मध्ये मल्हाररावांनी त्यांना तोफखाना घेऊन चंबळेपलीकडे ग्वाल्हेरकडे जायला लिहिलं आणि दारूगोळ्याची तजवीज करायला सांगितलं. ते पत्र घेतलंत तर बाईंना डोळे उघडून तोफा मोजाव्या लागतील, आणि मुखपृष्ठ बदलावं लागेल. चित्रकार आधीच पैसे घेऊन बसलाय. सासूबाई गौतमाबाईंच्या नावाने १७३४ मध्ये खासगी जहागीर झाली होती, हेही राहू द्या. सासू-सुनेच्या हातात हिशेबाच्या वह्या दिल्या तर देवघरात कोण बसणार?

भिल्ल एकच पुरे. तो अचूक बाण मारतो, नायकाला वाट दाखवतो आणि शेवटून दुसऱ्या प्रकरणात त्याच्यासाठी मरतो. घाटमाथ्यावरच्या जाम दरवाज्यावर पावसाळ्यात मक्याचं कणीस खाताना खालच्या निमाडाकडे बघून तुमच्या मनात येईल की हा घाट होळकरांच्या आधी कुणाचा होता. येऊ द्या, कणीस संपेपर्यंत जातं. अहिल्याबाईंनी मात्र ते मनातून जाऊ दिलं नाही. डोंगरातून जाणाऱ्या वाटसरूंकडून भिल्लांनी कवडी घ्यावी हा त्यांचा हक्क मानला, आणि त्या वाटेवर चोरी झाली तर जबाबदारीही त्यांच्यावर टाकली. भिलकवडी म्हणत त्याला. एका कराराने घाट शांत झाला, म्हणजे तुमची घाटातली चकमक गेली. सबब करार गाळा, चकमक ठेवा.

पेंढारी चालतील, पण त्यांचा म्होरक्या चितू नको. इंग्रजांच्या फौजा मागे लागलेला, साथीदार पांगलेले, आणि १८१९ मध्ये असीरगडाकडच्या जंगलात त्याला वाघाने खाल्लं. हे खरं आहे, आणि म्हणूनच कुणी विश्वास ठेवणार नाही.

राहता राहिली भाषा. या बाबतीत मी अनुभवाने बोलतो. आपल्या घरात पोरं ‘आई, मेरे को भूक लागली’ म्हणतात, आपणही भाजीवाल्याला ‘भिया’ म्हणून हाक मारतो आणि घरी येऊन पुन्हा मराठीत भांडतो. माझी समजूत अशी की मल्हाररावांच्या छावणीतही थोडंफार असंच बोलत असावेत. त्या समजुतीने मी माझं बाड पुण्याच्या एका प्रकाशकांकडे पाठवलं. सहा महिन्यांनी ते परत आलं. लाल पेन्सिलीने फौज, तोफ, शिलेदार, बारगीर, मुलूख, वसूल, हुकूम सगळं खोडलेलं. ‘पेशवा’पाशी पेन्सिल थोडी घुटमळलेली दिसत होती, मग धीर करून पुढे गेलेली. शीर्षकात ‘सरहद्द’ होतं, तेही गेलं. शेवटच्या पानावर समासात शेरा होता, ‘फारसी शब्द जरूर बाद करावेत.’

मी आज्ञाधारक माणूस. सुरुवात त्या शेऱ्यापासूनच केली. फारसी गेलं, जरूर गेलं, बाद गेलं. उरलं ते ‘शब्द करावेत.’