खांब कुजला नव्हता, खांबाचा पाय कुजला होता

आज सकाळी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हिडिओ आला. आमच्या विठ्ठल मंदिराचा सभामंडप जेसीबी लावून पाडतायत. धुरळा उडतोय, पोरं शिट्ट्या मारतायत, आणि तो नक्षीचा सागवानी खांब आडवा होऊन पडतोय. खाली लिहिलंय, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत जागा मोकळी करायची, पावसाळ्याआधी कॉलम उभे करायचे. त्याखाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग.

सकाळपासून मला दुसरं काही सुचत नाहीये. शाळेत दोन तास घेतले, काय शिकवलं आठवत नाही. म्हणून लिहितेय. लांब होईल, ज्याला वाचायचं त्याने वाचा.

तो सभामंडप माझ्या आप्पांच्या आजोबांच्या वेळचा. बोरी नदीच्या काठावरचं आमचं गाव, एका बाजूला पारोळा, एका बाजूला अमळनेर. मंडपाला सागाचे खांब, खाली घडीव दगडाचे तळखडे, वर हस्तांवर, म्हणजे तुळईला आधार देणाऱ्या लाकडी हातांवर, कोरलेले पोपट आणि केळफुलं, त्यावर तुळया, कडीपाट आणि मातीचं धाबं, म्हणजे सपाट छप्पर. दरवर्षी मिरगाच्या आधी धाब्यावर खारी माती टाकायची. घरटी दोन पाट्या. त्या दिवशी आप्पा, म्हणजे माझे आजोबा, एकेका खांबाजवळ जाऊन बोटांच्या पेरांनी टकटक करत आणि कान लावून ऐकत. आम्ही पोरं मागे मागे. भरीव आवाज आला की पुढे. एका वर्षी उत्तरेकडचा एक खांब खालून पोकळ वाजला. बैठक बसली. कोणी म्हणालं खांब बदला, कोणी म्हणालं लोखंडी पाइप लावा. आप्पा म्हणाले, "आख्खा खांब नही सडना भो, त्याना पाय सडना." धिरे, म्हणजे टेकू, लावून तुळई तोलून धरली, सुतार मिस्तरींनी कुजलेला वीतभर भाग कापला, जुन्या सागाचा तुकडा खाचेत खाच बसवून जोडला, खालच्या दगडावर पुन्हा उभा केला. सांधा हाताला लागायचा, डोळ्याला दिसायचा नाही. लहानपणी कीर्तनाला बसले की मी तो सांधा बोटाने शोधत बसायचे.

तोच खांब आज व्हिडिओत पडला. सांध्यापाशी तुटलासुद्धा नाही. आख्खा पडला.

म्हणजे तो मजबूत होता. मग कशासाठी पाडला?

मला उत्तर माहीत आहे. ग्रॅनाइट. स्टीलचं रेलिंग. भिंतीला टाइल्स, टाइल्सवर देणगीदारांची नावं. खान्देशात कुठेही जा, धुळ्यापासून रावेरपर्यंत, हेच चाललंय. हेमाडपंती देवळाला पिवळा ऑइलपेंट. वीरगळांना शेंदूर तरी समजते, माणसं पूजा करतात, पण वीरगळ सिमेंटमध्ये गाडून त्यावर ओटा? बारवेत कचरा टाकून ती बुजवायची आणि वर गाळे काढायचे? कुणाची परवानगी, कुणाचा हक्क? ती काय एका पंचवार्षिकची मालमत्ता आहे?

चाळीसगावजवळच्या पाटण्याला गेलात ना सगळे? पाटणादेवीला, पावसाळ्यात, धबधबे बघायला. तिथला शिलालेख किती जणांना माहीत आहे? शके ११२८, म्हणजे १२०७ च्या सुमाराचा. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाच्या दरबारातला ज्योतिषी. त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथे मठ काढला, आणि त्या मठाला काय काय दान मिळालं ते दगडावर कोरून ठेवलं. शेवटच्या ओळी चक्क जुन्या मराठीत आहेत. भाऊ दाजी लाडांनी १८६५ मध्ये तो अभ्यासकांपुढे आणला. साडेसहाशे वर्षं तो दगड देवळात होता. वाचता येणारं कोणी नव्हतं तेव्हाही लोकांनी तो होता तसा राहू दिला. आता विचार करा, मधल्या काळात एखाद्या उत्साही कमिटीने त्यावर गिलावा करून रंग मारला असता तर? आपल्या खान्देशात आजोबाचं गणित पुढच्या पिढीला शिकवायला नातवाने मठ काढला होता, हे आपल्याला कधी कळलंच नसतं. माझ्या वर्गातल्या पोरांना हे सांगते तेव्हा त्यांचे डोळे बघा एकदा. गणितात नापास होणारं पोरगंसुद्धा ताठ बसतं.

आमच्या मंडपात शिलालेख नव्हता, मान्य. तो संरक्षित वास्तूंच्या कुठल्याही यादीत नव्हता. पण यादीत असून तरी काय? थाळनेरला जा. खान्देशावर राज्य करणाऱ्या फारुकी सुलतानांची पहिली राजधानी, तापीकाठचा किल्ला. १८१८ मध्ये इंग्रजांनी तिथल्या किल्लेदाराला, तुळशीरामाला, फासावर दिलं. किल्ल्याचं आज काय उरलंय ते काठावर उभं राहून बघा, तापी आणि माणसं दोघांनी मिळून खाल्लाय. फारुकींच्या कबरी आहेत, दगडावर काय काम आहे! गावातल्या पोरांना विचारा या कुणाच्या. एखादाच सांगेल. आणि हो, संरक्षित वास्तूच्या शंभर मीटरच्या आत माणसाला स्वतःच्या घराची भिंत वाढवता येत नाही, त्यामुळे लोक वैतागतात, तेही खोटं नाही. त्यांचं ऐकून घ्यायला पाहिजे. पण म्हणून बुरुजाचे दगड काढून न्यायचे नसतात.

दुपारी राहवलं नाही, जिभाऊंना फोन केला. नात्याने चुलत काका, मंदिराचं सगळं तेच बघतात. मी जरा चढ्या आवाजातच बोलले. ते शांत होते. म्हणाले, "माय, तू ऱ्हास धुयाले. पानी गयस ते आमना डोकावर." म्हणजे तू राहतेस धुळ्याला, पाणी गळतं ते आमच्या डोक्यावर. मग म्हणाले, धाब्यावर माती टाकायला आता माणूस मिळत नाही. पोरं नाशिकला, सुरतला. बैलगाड्या नाहीत. मागच्या पावसाळ्यात सप्ताहात बायांच्या अंगावर गाळ पडला. भिंत पडून उद्या कोणी मेलं तर जबाबदार कोण?

यावर माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. खारीच्या पाट्या डोक्यावर वाहायच्या त्या बायाच वाहायच्या, हेही खरं. आणि ती माती यायची कुठून, तर गावच्या गढीतून. खान्देशातल्या निम्म्या गढ्या अशाच आमच्या धाब्यांवर गेल्या. जुन्या लोकांनीही सगळं जपलं असं नाही.

जिभाऊंचा राग नाही मला. कपाशीच्या पैशातून त्यांनी स्वतः वर्गणी घातलीय, दारोदार फिरलेत, रात्री पावती पुस्तक उशाशी घेऊन झोपतात. त्यांना विठ्ठलाला चांगलं घर द्यायचंय. त्यांच्या हयातीत. यात वाईट काय आहे? काहीच नाही. म्हणून तर जास्त वाईट वाटतं. नालायक माणसाने पाडलं असतं तर भांडता आलं असतं.

पण जिभाऊ, आप्पांनी काय केलं होतं त्या वर्षी? पाय कुजला, पाय बदलला. धाबं गळत होतं तर धाबं बदलायचं होतं. माती उतरवून वर पत्रे टाका, चुन्याचा कोबा करा, नव्या पद्धतीचं काही करा, माझी काही हरकत नाही. खाली खांब तसेच राहिले असते, पोपट तसेच राहिले असते. दाढ दुखली म्हणून कोणी जबडा काढत नाही. इंजिनिअरला बोलावलं, पण त्याला विचारलं काय? नवीन बांधायला किती लागतील. हे दुरुस्त करायला किती लागतील, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. तो प्रश्न विचारायला आप्पांना कॉलेजात जावं लागलं नव्हतं.

आता खरी आग लागली ती पुढच्या वाक्याला. विचारलं, लाकडं कुठंयत? तर एक व्यापारी आलाय, तो नक्षीचे हस्त आणि चौकट घेऊन जाणार, मोठ्या शहरात हॉटेलवाले लावतात म्हणे. उरलेला साग वजनावर. वजनावर! आपल्या खापरपणजोबांच्या वर्गणीतून आणलेला साग, ज्याला टेकून चार पिढ्यांनी हरिपाठ म्हटला, तो कुठल्यातरी हॉटेलच्या भिंतीवर शोभेला, आणि आपल्या गावात पांढऱ्या टाइल्स. व्यापाऱ्याला त्याची किंमत कळली. त्याने जेसीबीवाल्याला आधीच सांगितलं होतं, हस्त सांभाळून काढ. आपल्याला मात्र कळली नाही.

कोणी म्हणेल, या जुन्या वस्तूंना कवटाळून विकास होत नाही. पाचोरा-जामनेर गाडीचंही असंच म्हणतात. ५६ किलोमीटरची ती छोटी गाडी, आपली पीजे, शंभर वर्षं धावली आणि २०२० मध्ये थांबली. ब्रॉडगेज हवी, मलाही हवी. पण एखादं स्टेशन, एखादा डबा जपून ठेवायला कोण अडवतंय?

आणि जपता येत नाही असं तर मुळीच नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ च्या शेवटच्या दिवशी गेले आणि १९२७ उजाडल्यावर लगेच धुळ्यात त्यांच्या नावाने मंडळ उभं राहिलं. त्यांची कागदपत्रं, दफ्तरं आजही तिथे आहेत. चाळीसगावला स्टेशनजवळ कलावंत केकी मूस यांचा बंगला बघा, त्यांच्या चित्रांसकट आणि फोटोंसकट. जळगावला चौधरी वाड्यात बहिणाबाईंचं घर जपलंय. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये विनोबा दर रविवारी गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते उतरवून घेतलं. मी दरवर्षी मुलांना घेऊन त्या भिंतीबाहेरून जाते आणि सांगते, इथे. फक्त "इथे" म्हणायला ती जागा असावी लागते हो. पुस्तक वाचून मुलं ऐकतात, जागा बघून गप्प होतात.

मंडप गेला. तो परत येणार नाही, आणि विठ्ठल नव्या मंडपातही तोच राहील, हे मला कळतं. संध्याकाळी पुन्हा जिभाऊंना फोन केला, या वेळी आवाज खाली ठेवून. सांगितलं, व्यापारी जेवढे देतोय तेवढे आम्ही गावाबाहेर राहणारे मिळून देतो, लाकूड गावातच राहू द्या. नव्या मंडपात गाभाऱ्यासमोर तरी चार जुने खांब आणि त्यांचे हस्त बसवा, सिमेंटच्या कॉलमला खेटून का होईना. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "तो आप्पाना जोडेल खांब कोनता व्हता?" मी सांगितलं, उत्तरेकडून दुसरा. म्हणाले, उद्या सकाळी बघतो, व्यापाऱ्याची गाडी परवा येणार आहे.

म्हणून हे लिहितेय. आपल्या गावचे जे धुळे, नाशिक, सुरत, पुण्यात आहेत त्यांनी आज रात्रीच मला इनबॉक्स करा, किती देऊ शकता ते सांगा. आकडा इथे कमेंटमध्ये लिहू नका, उगीच चढाओढ नको. आणि ज्यांच्या घरी त्या मंडपात काढलेले जुने फोटो आहेत, लग्नाचे, सप्ताहाचे, बारशाचे, त्यांनी ते स्कॅन करून पाठवा. मागे खांब दिसत असले तरी पुरे. कुठला हस्त कुठल्या खांबावर होता ते त्यावरूनच जुळवावं लागणार आहे. तुमच्या गावात या उन्हाळ्यात असंच काही निघालं असेल तर जेसीबी सांगायच्या आधी कोणीतरी एकदा खांब वाजवून बघा.