आठ टोल म्हणजे आठ वाजले नव्हेत

अमळनेरच्या आमच्या गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आठवडाभर एक मजकूर फिरतोय. म्हणे, जहाजावर जितके वाजले तितके घंटेचे टोल देतात. ही पद्धत इंग्रजांची, आपल्या जहाजांना घंटा ठाऊकच नव्हती. आणि जीपीएस आल्यापासून ती नुसती शोभेला टांगलेली असते. पुतण्याने विचारलं, ‘आप्पा, हाई खरं शे का?’ माझी बावीस वर्षं मालवाहू जहाजांवर गेली. तिन्ही गोष्टी चूक आहेत.

टोलांचा संबंध खलाशांच्या पहाऱ्याच्या पाळीशी. पाळी चार तासांची. पूर्वी वाळूचं घड्याळ अर्ध्या तासात रिकामं व्हायचं, ते उलटं केलं की टोल द्यायचे. दुपारी साडेबाराला एक, एक वाजता दोन, असं वाढत चार वाजता आठ. ठोके जोडीने: दीड वाजता टण-टण, टण. संध्याकाळच्या दोन-दोन तासांच्या पाळ्या सोडल्या, तर आठ टोल म्हणजे पाळी संपली, पुढच्याने वर यावं. आपल्याकडे घटिकापात्र बुडालं की घटका भरायची, तशीच ही रीत. फक्त घटका चोवीस मिनिटांची. वेळेचे टोल आता फारसे कुठे देत नाहीत, हे मात्र कबूल.

आपल्या जहाजांवर घंटा नव्हती? १८३६ च्या सुमारास न्यूझीलंडमध्ये विल्यम कोलेन्सो या मिशनऱ्याला तिथल्या मूळच्या माओरी लोकांतल्या बायका एका काशाच्या भांड्यात बटाटे उकडताना दिसल्या. ते भांडं म्हणजे काठ फुटलेली घंटा होती. तिच्यावर तमिळ अक्षरं आहेत: मोहिदीन बक्ष यांच्या जहाजाची घंटा. आज ती वेलिंग्टनच्या ‘ते पापा’ नावाच्या संग्रहालयात आहे. तमिळ खलाशांची ही घंटा असताना ‘आपल्याला ठाऊकच नव्हती’ म्हणणं मला फार लागतं.

आणि शोभेची तर मुळीच नाही. वीस मीटर किंवा त्याहून लांब जहाजाला घंटा ठेवणं आंतरराष्ट्रीय नियमांनी बंधनकारक आहे. धुक्यात चालत्या जहाजाने भोंगा द्यायचा आणि नांगरलेल्याने दर मिनिटाला सुमारे पाच सेकंद घंटा घणघणवायची. जहाज शंभर मीटर किंवा जास्त लांब असेल, तर पुढे घंटा आणि लगेच मागच्या टोकाला गाँग, म्हणजे टांगलेली धातूची थाळी. दोन्ही आवाज ऐकले की समोरच्याला आपलं जहाज कुठून कुठवर पसरलंय याचा अंदाज येतो. जीपीएस मला माझी जागा सांगतं. रडार नसलेल्या मच्छीमार नावेला मी इथे उभा आहे हे कोण सांगणार?

चीनमधल्या यांगत्से नदीच्या मुखाशी आम्ही नांगर टाकून होतो. थंडीत तापीकाठी पहाटे केळीचे बाग दिसेनासे होतात, त्याच्या दसपट धुकं. आपोआप वाजणारी यंत्रणा बंद पडली. हाताने वाजवायची सोय असलीच पाहिजे असा नियम आहे, तो त्या रात्री उपयोगी पडला. मी पुढच्या डेकवर लोलकाची ओली दोरी धरून दोन तास उभा होतो. एका मिनिटाला घंटा थांबली आणि धुक्यातून माणसांचा ओरडा आला, इतका जवळून की एकेक आवाज वेगळा कळत होता. मग एक लाकडी नाव आमच्या नांगराच्या साखळीला वळसा घालून निघून गेली.