नागपूरला समुद्र नाही, पण नाग नदीला आहे

सध्या नागपुरातल्या अनेक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवर तो आला, सोसायटीच्या ग्रुपवरही आला, आणि चांगले शिकलेसवरलेले लोक त्याला अंगठे दाखवताहेत. मजकूर थोडक्यात असा: 'समुद्रपक्ष्यांवरचं संशोधन म्हणजे पैशाची नासाडी. नागपूरला समुद्रच नाही, आपला काय संबंध? मुंबईत फ्लेमिंगो लाखाने येतात, म्हणजे पक्षी मजेत आहेत. एक किनारा गेला तर त्यांना पंख आहेत, दुसरीकडे जातील. पायात कड्या घालून छळ करता, त्यातून आजवर एक तरी पक्षी वाचला का? तोच पैसा शेतकऱ्याला द्या.'

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो. विदर्भातल्या शेतकऱ्याच्या पदरात पडायला हवं ते पडत नाही, हे शंभर टक्के खरं. पण ते कुण्या पक्षीअभ्यासकाने अडवून ठेवलेलं नाही. शेतकऱ्याचं नाव पुढे करून दुसऱ्या कामाला नाट लावायचा, यात शेतकऱ्याचंही भलं होत नाही. बाकीचे मुद्दे मात्र एकेक करून तपासण्यासारखे आहेत.

'आपला काय संबंध?'

लावा गावाजवळच्या टेकड्यांतून निघालेली नाग नदी अंबाझरीतून शहरात शिरते, शहराचं सांडपाणी पोटात घेते आणि पुढे कन्हानला मिळते. कन्हान वैनगंगेला, वैनगंगा आणि वर्धा एकत्र येऊन प्राणहिता, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला, आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. मुखाजवळ, काकीनाड्याच्या बाजूला, कोरिंगाचं खारफुटीचं अभयारण्य आहे. हिवाळ्यात तिथल्या चिखलाच्या पट्ट्यांवर किनारी पक्ष्यांचे थवे असतात. आपण नागेत टाकलेलं सगळंच तिथवर पोचतं असं नाही. बरंचसं गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात अडकतं, गाळात बसतं, आणि त्याचा त्रास भंडाऱ्याच्या लोकांना होतो. पण पाण्याचा उतार त्याच दिशेचा आहे.

दुसरा संबंध डोळ्यांना दिसणारा आहे. हिवाळा सरत आला, मामा तलावांचं, म्हणजे माजी मालगुजारी तलावांचं, पाणी मागे हटलं, की उघड्या पडलेल्या चिखलावर छोटा टिलवा धावताना दिसतो. चिमणीएवढा जीव, वजन पंचवीस ग्रॅमच्या आसपास. सायबेरियाच्या उत्तर टोकाला, टुंड्रात अंडी घालतो आणि हिवाळ्यात इकडे येतो. याच जातीचे पक्षी किनाऱ्यावरच्या खाड्यांतही उतरतात. उमरेडकडच्या एखाद्या तलावाच्या काठी सकाळी शांत बसा. तो चोच शिवणयंत्रागत चिखलात खालीवर करत असतो, दोन पावलं पळतो, पुन्हा टोचतो. किनारी पक्षी पाहायला नागपूरकराला कोकणात जावंच लागतं असं नाही.

'फ्लेमिंगो वाढले, म्हणजे सगळं ठीक'

ठाणे खाडीत एका हंगामात लाखाहून जास्त रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो, मोजले गेले आहेत, हे खरं. 2015 मध्ये तिथे अभयारण्य झालं, 2022 मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. पण त्यांतली 'लहान रोहित' ही जात मुख्यतः नील-हरित शेवाळावर जगते, आणि सांडपाण्यातल्या पोषकद्रव्यांवर हे शेवाळ फोफावतं. गर्दी आहे म्हणून खाडी निरोगी आहे, असा अर्थ निघत नाही. शिवाय हे पक्षी मुंबईत अंडी घालत नाहीत. त्यांची वीण कच्छच्या रणात होते. मुंबईतली मोजणी पिल्लं किती जगली हे सांगत नाही. मे 2024 मध्ये घाटकोपरला उतरत्या विमानाची धडक बसून तीसहून जास्त रोहित एका रात्रीत मेले. राहण्या-खाण्याच्या जागा आकसल्या की असे धोके वाढतात.

आणि एका देखण्या जातीवरून बाकीच्यांचं काय ठरवणार? धोक्यातल्या जीवांची नोंद ठेवणाऱ्या जागतिक 'लाल यादी'त 2024 मध्ये जगातल्या 16 स्थलांतरित किनारी पक्ष्यांना आधीपेक्षा जास्त धोक्याच्या गटात टाकावं लागलं. खुल्या समुद्रावरच्या पक्ष्यांचं चित्र आणखी वाईट आहे. ज्या वसाहतींची वर्षानुवर्षं मोजणी झाली, तिथली संख्या 1950 ते 2010 या काळात जवळपास 70 टक्क्यांनी घटली. हा आकडा जगातल्या सगळ्या समुद्रपक्ष्यांचा नाही, सुमारे एक-पंचमांशांचा आहे. बाकीच्यांची पुरेशी मोजणीच झालेली नाही. मोजायला माणसं लागतात, होड्या लागतात, म्हणजे पैसा लागतो, आणि मेसेजवाले नेमका तोच बंद करा म्हणतात.

'पंख आहेत, दुसरीकडे जातील'

ऐकायला हे सगळ्यात पटणारं वाक्य आहे. याची परीक्षा प्रत्यक्ष होऊन गेली आहे. दक्षिण कोरियात सेमांगम इथे 33 किलोमीटर लांबीचा समुद्रबांध 2006 मध्ये पूर्ण झाला आणि भरती-ओहोटीचा प्रचंड चिखलपट्टा संपला. ऑस्ट्रेलियाहून सायबेरियाकडे जाणारे ग्रेट नॉट नावाचे पक्षी तिथे हजारोंच्या संख्येने उतरून पोट भरत. अभ्यासकांनी शेजारच्या खाड्यांमध्ये त्यांची वाट पाहिली. गायब झालेल्या संख्येच्या मानाने तिथे फारच थोडे आले. नंतर ऑस्ट्रेलियातल्या मोजणीतही घट दिसली. ते दुसरीकडे गेले नव्हते, मेले होते. 2015 मध्ये या पक्ष्याची नोंद 'धोक्यात' म्हणून झाली.

कारण सरळ आहे. हजारो किलोमीटर उडणाऱ्या पक्ष्याकडे चरबीचा मोजका साठा असतो. ठरलेल्या जागी खायला मिळालं नाही तर पुढची जागा शोधायला बळ उरत नाही. आणि पुढच्या जागेवर आधीपासून दुसरे पक्षी पोट भरत असतातच.

'एक तरी पक्षी वाचला का?'

वाचले, हजारोंनी वाचले, आणि कसे वाचले तेही माहीत आहे. नामिबियाच्या समुद्रात हेक माशासाठी लांबच लांब दोर सोडतात, त्यांना आमिष लावलेले हजारो गळ असतात. दोर बुडण्याआधी अल्बट्रॉस आणि पेट्रेल हे समुद्रपक्षी आमिषावर झडप घालतात, गळाला अडकतात आणि दोरासोबत खाली ओढले जाऊन बुडतात. निरीक्षकांनी बोटींवर राहून बघितलं, की पक्षी दोर पाण्यात सोडताना मरतात, ओढून घेताना नव्हे. मग उपाय त्याच क्षणापुरता लागत होता: बोटीच्या मागे एक जास्तीची दोरी, तिला लोंबणाऱ्या रंगीत पट्ट्या. वाऱ्याने त्या फडफडतात, पक्षी लांब राहतात, तोवर गळ खोल गेलेले असतात. वॉल्व्हिस बे इथला एक महिला गट या दोऱ्या तयार करतो. 2009 मध्ये वर्षाला सुमारे 22 हजार पक्षी मरत होते. दोरी सक्तीची झाल्यावर 2018 मध्ये हा आकडा दोनशेच्या आसपास आला. मासेमारी चालूच राहिली आणि बायकांच्या हाताला काम मिळालं. एका दोरीने हे झालं, पण ती कुठे आणि कधी लावायची हे आधी कुणीतरी समुद्रावर राहून पाहावं लागलं.

संशोधनाचा फायदा पक्ष्यांपुरताही थांबत नाही. हिंदी महासागरातल्या चागोस बेटांचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. जहाजांतून आलेले उंदीर जिथे पोचले नाहीत तिथे पक्षी भरपूर, त्यांच्या विष्ठेचं खत समुद्रात उतरतं, आणि प्रवाळांवरच्या माशांचं एकूण वजन उंदीर असलेल्या बेटांपेक्षा 48 टक्क्यांनी जास्त भरलं. लक्षद्वीपचा कोळी तर ट्यूना माशांचा कळप शोधताना आधी आकाशातले पक्षीच बघतो.

'कड्या घालून छळ'

या शंकेमागे कळवळा आहे, म्हणून तिला नीट उत्तर द्यायला हवं. पक्षी कुठून कुठे जातो हे कळावं म्हणून त्याला जाळ्यात धरून पायात क्रमांकाची कडी घालतात, काहींच्या पाठीवर माग काढणारं यंत्र बसवतात. अडाणीपणाने लावलेलं जाळं पक्षी मारू शकतं, जड यंत्र त्याला दमवू शकतं. म्हणूनच आपल्याकडे हे काम परवानगीशिवाय करता येत नाही, आणि यंत्राचं वजन पक्ष्याच्या वजनाच्या साधारण 3 टक्क्यांच्या आत ठेवण्याचा दंडक आहे. टिलव्याच्या बाबतीत ती मर्यादा पाऊण ग्रॅम होते, म्हणून त्याला बहुधा फक्त हलकी कडी मिळते. 2022 मध्ये पट्टेरी शेपटीच्या एका तरुण पाणटिवळ्याने अलास्का ते टास्मानिया हे 13,560 किलोमीटरचं अंतर 11 दिवसांत, कुठेही न उतरता कापलं. पाठीवर यंत्र घेऊनच कापलं, आणि यंत्र होतं म्हणून आपल्याला कळलं.

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कड्यांवर क्रमांक आणि संस्थेला कळवण्याची सूचना कोरलेली असते. फुटाळ्यावर, गोरेवाड्यात किंवा कुठल्याही मामा तलावावर कडीचा किंवा रंगीत झेंडीचा पक्षी दिसला तर फोटो काढा, कोणत्या पायात काय आहे ते लिहून घ्या आणि तारीख-ठिकाणासह संस्थेला कळवा. पक्षी जखमी असेल तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा किंवा वन्यजीवांवर उपचार करणाऱ्या सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला न्या. पायातली कडी मात्र काढू नका.