डोअर काउंटी : आधी दगड, मग दंतकथा (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

डोअर काउंटीवरच्या लेखाखाली तुम्ही मोठी प्रतिक्रिया लिहिलीत, तेव्हा उत्तरही ऐसपैस देतो. तुमचे आक्षेप थोडक्यात असे. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या इतक्या देखण्या जागेबद्दल लिहिताना लेख दगड, विहिरी आणि सेप्टिक टँकमध्येच रुतून बसला. नावामागची युद्धकथा एका ओळीत उडवली. पेश्टिगो गावाची १८७१ची आग ग्रीन बे उपसागर ओलांडून इकडे आली, हे ‘सगळ्यांना माहीत असलेलं’ लिहिलं नाही. चेरीचं श्रेय सुपीक मातीला मिळायला हवं होतं. वस्ती मुळात स्कँडिनेव्हियन असताना बेल्जियन लोकांचं कौतुक जरा जास्तच झालं. आणि फिश बॉइल म्हणजे ‘नुसता उकडलेला बेचव मासा’, त्यावर दोन परिच्छेद कशाला?

दगडापासूनच सुरुवात करतो, कारण तुमच्या निम्म्या आक्षेपांचं उत्तर त्यात आहे. एका बाजूला ग्रीन बे हा उपसागर आणि दुसऱ्या बाजूला मिशिगन सरोवर, यांच्यामध्ये घुसलेली ही निमुळती पट्टी कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या सिल्युरियन काळातल्या डोलोमाइटची (चुनखडीसारख्या खडकाची) आहे. नायगारा धबधबा ज्या कड्यावरून कोसळतो, तोच कडा कॅनडातून वळसा घेत इथवर येतो. पश्चिमेला तो उपसागरावर उभा तुटतो. पेनिन्सुला स्टेट पार्कातला ईगल ब्लफ हे त्याचं उत्तम उदाहरण. पूर्वेकडे हाच दगड हलक्या उताराने मिशिगन सरोवरात शिरतो, म्हणून वाळूच्या पुळणी आणि उथळ बंदरं त्या बाजूला. काउंटीच्या सुमारे ६,१४० चौरस किलोमीटर क्षेत्रफळापैकी जमीन जेमतेम १,२५० चौरस किलोमीटर, बाकी सगळं पाणी. आणि त्या जमिनीवरही, विशेषतः उत्तरेकडे, बऱ्याच ठिकाणी मातीचा थर हातभरसुद्धा नाही.

आता विहिरी. तुम्ही शिकागोहून दर उन्हाळ्यात जाता असं लिहिलंय. शिकागोत नळाला येतं ते सरोवराचं, शुद्ध केलेलं पाणी. डोअर काउंटीत स्टर्जन बे शहर सोडलं, की तुम्ही भाड्याने घेता त्या बहुतेक घरांना स्वतःची बोअरवेल असते. जाड माती आणि वाळू असलेल्या भागात सांडपाणी झिरपताना गाळलं जातं. इथे दगडाला उभ्या-आडव्या भेगा आहेत आणि पाण्याने त्या विरघळवून रुंद केल्या आहेत. वर पडलेलं पाणी गाळलं न जाता थेट खाली उतरतं.

याचा परिणाम काय होतो, ते २००७च्या जूनमध्ये दिसलं. एका नव्या रेस्टॉरंटात जेवलेले आणि तिथे काम करणारे मिळून २२९ जण आजारी पडले, सहा जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. विहिरीच्या पाण्यात उलट्या-जुलाब घडवणारा नोरोव्हायरस सापडला आणि तोच विषाणू रेस्टॉरंटच्या सेप्टिक टाकीतही होता. शास्त्रज्ञांनी सांडपाण्याच्या यंत्रणेत दोन ठिकाणी रंगद्रव्य सोडलं. टाकीच्या गळक्या जोडापासून ते सहा दिवसांत विहिरीत पोचलं, शोषक्षेत्रापासून (टाकीतलं सांडपाणी जिथे जमिनीत मुरवतात त्या जागेपासून) १५ दिवसांत. शोषक्षेत्र आणि विहीर यांत १८८ मीटर अंतर होतं, विहीर ८५ मीटर खोल होती, आणि दोन्हींचं बांधकाम राज्याच्या नियमांनुसार होतं. नियम पाळूनही असं घडू शकतं, म्हणून सेप्टिक टँक लेखात आले आणि यापुढेही येतील.

घर बांधणाऱ्यालाही हा दगड सोडत नाही. साध्या शोषक्षेत्राखाली, खडक लागेपर्यंत, साधारण तीन फूट योग्य माती लागते. ती नसेल तर जमिनीवर वाळूचा उंचवटा रचून त्यात सांडपाणी पंपाने सोडतात. तेही जमत नसेल तर बंद टाकी बसवायची आणि भरली की टँकर बोलवायचा. कुठल्या घरामागे गवताची आयताकृती टेकडी दिसली, तर ती बागकामाची हौस नाही, हे आता ओळखाल. दक्षिण भागात दूधधंदा मोठा आहे, तिथे प्रश्न शेणखताचा. २०१८पासून राज्याचा नियम आहे की खडकावर दोन फुटांपेक्षा कमी माती असेल तिथे यंत्राने शेणखत टाकायचं नाही. वसंतात बर्फ वितळताना किंवा मोठ्या पावसानंतर नळाला तपकिरी पाणी आलं, तर ते प्यायचं नाही. विहिरीची तपासणी वर्षातून एकदा कोलिफॉर्म जिवाणू (सांडपाणी मिसळल्याची खूण) आणि नायट्रेट, दोन्हींसाठी करायची. पाणी उकळून जिवाणू-विषाणू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचं प्रमाण वाढतं. नायट्रोजनच्या मापात लिटरला १० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे आणि तान्ह्या बाळाच्या दुधासाठी ती फार गांभीर्याने घ्यावी लागते. बाळाला घेऊन जाणार असाल तर घरमालकाकडे ताजा अहवाल मागा.

चेरीचंही तसंच. माती सुपीक असती तर इथे मका आणि सफरचंदाच्या पुढे कोणी गेलं असतं की नाही, शंकाच आहे. चेरीच्या मुळांना पाणी साचलेलं मानवत नाही, आणि भेगाळलेल्या दगडावरच्या पातळ मातीत ते साचत नाही. विहिरींना जो शाप, तोच बागांना वर. दुसरं कारण सरोवर. हिवाळ्यात थंडगार झालेलं पाणी वसंतात हवा लवकर तापू देत नाही, त्यामुळे कळ्या उशिरा, साधारण मेच्या उत्तरार्धात फुलतात आणि उशिराच्या गोठवणाऱ्या दहिवरातून वाचतात. ही व्यवस्था कोलमडते ती मार्चमध्येच उन्हाळा अवतरला तर. २०१२ साली नेमकं तेच झालं: मार्चच्या उकाड्यात कळ्या जाग्या झाल्या, एप्रिलच्या गारठ्यात मेल्या, आणि सरोवराच्या पलीकडे मिशिगन राज्यातलं आंबट चेरीचं जवळजवळ सगळं पीक गेलं.

इथली मुख्य जात माँटमोरेन्सी, आंबट. ती ‘पाय’ या भाजलेल्या गोड पदार्थासाठी आणि रसासाठी. किराणा दुकानातल्या काळ्या गोड चेरीच्या अपेक्षेने तोंडात टाकाल तर चेहरा वाकडा होईल. लागवडीची सुरुवात १८९०च्या दशकात झाली. पूर्वी तोडणी हाताने होई. १९४५ साली तर जर्मन युद्धकैद्यांनाही या बागांत कामाला लावलं होतं. आता यंत्र खोडाला पकडून काही सेकंद हलवतं, फळं ताणलेल्या कापडावर पडतात आणि लगेच गार पाण्याच्या टाकीत जातात. गार पाण्याने फळ घट्ट होतं, नाहीतर बी काढताना त्याचा चिखल होतो. कोवळं झाड हलवलं तर साल सोलवटून सुटते आणि झाड कायमचं खंगतं, म्हणून पहिली काही वर्षं यंत्र लावत नाहीत. स्वतः तोडायला जायचं असेल तर जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचे दिवस धरा. जाण्याआधी बागेला फोन करा, कारण हंगाम वर्षागणिक पुढे-मागे होतो.

आता तुमची आवडती कथा. पोटावाटोमी या मूळनिवासी जमातीचे योद्धे होडक्यांतून हल्ला करायला निघाले, विनेबागो या दुसऱ्या जमातीने (म्हणजे हो-चंक लोकांनी) डाव ओळखला, वादळ आलं आणि दोन्हीकडचे योद्धे द्वीपकल्पाच्या टोकाजवळच्या सामुद्रधुनीत बुडाले. म्हणून ते मृत्यूचं दार आणि म्हणून काउंटीचं नाव. कथा चांगली आहे. पण कोणी फसवलं, किती बुडाले, हे सांगणाऱ्यागणिक बदलतं, आणि तिचा प्रसार बराचसा ह्याल्मार हॉलंड या स्थानिक इतिहासकाराने केला. मिनेसोटातल्या केन्सिंग्टन शिलालेखाला अस्सल व्हायकिंग लेख ठरवण्यासाठी आयुष्यभर भांडणारे ते हेच. सामुद्रधुनी धोकादायक आहे ती तिच्या रचनेमुळे. ग्रीन बेचं पाणी वाऱ्याने आणि हवेच्या दाबाने हेलकावतं, ते अरुंद वाटांमधून सरोवरात आत-बाहेर करतं, खाली डोलोमाइटचे उथळ खडक, आणि शिडाच्या जहाजाला वारा फिरला तर वळायला जागा नाही. १६७९च्या सप्टेंबरात फ्रेंच शोधप्रवासी ला सालचं ‘ग्रिफॉन’ हे जहाज कातडी भरून याच परिसरातल्या एका बेटावरून निघालं आणि पुन्हा दिसलं नाही. १८३६ साली रॉक बेटावर विस्कॉन्सिनमधलं पहिलं दीपगृह उभं राहिलं. शेवटी लोकांनी सामुद्रधुनीच टाळायची ठरवली. स्टर्जन बेची खाडी सरोवरापासून दोन किलोमीटर अलीकडे थांबते. ती पट्टी १८७२ ते १८८१ या काळात खणून कालवा काढला. त्यामुळे काटेकोर बोलायचं तर काउंटीचा उत्तर भाग आज बेट आहे आणि तुम्ही तिथे जाता ते तीनपैकी एका उघडत्या पुलावरून. हिवाळ्यात सू लॉक्स (सुपीरियर सरोवरातून जहाजं खाली उतरवणारे जलपाश) १५ जानेवारी ते २५ मार्च बंद असतात, तेव्हा महाकाय मालवाहू जहाजं स्टर्जन बेच्या गोदीत दुरुस्तीला येऊन उभी राहतात. मला विचाराल तर सगळ्या दीपगृहांपेक्षा हे दृश्य सरस आहे.

ज्यांच्या नावावर ही युद्धकथा खपते, त्या लोकांबद्दल मात्र माहितीपत्रकांत फारसं नसतं. १८३१च्या तहात मेनॉमिनी या मूळनिवासी जमातीने हा प्रदेश अमेरिकी सरकारला दिला. पोटावाटोमींचे पुढारी सायमन काहक्वाडोस आपल्या लोकांची जमीन परत मिळावी म्हणून खटपट करत राहिले. ती मिळाली नाही. १९३१ साली त्यांना पेनिन्सुला स्टेट पार्कात पुरलं, आणि ती कबर आज गोल्फच्या मैदानात आहे.

आगीबद्दल. ८ ऑक्टोबर १८७१च्या रात्री उपसागराच्या पश्चिमेला पेश्टिगो गाव जळालं आणि त्याच रात्री इकडे दक्षिण डोअरमध्येही हाहाकार झाला, हे खरं. पण आग पाण्यावरून उडी मारून आली असं मानायची गरज नाही. उन्हाळाभर पाऊस नव्हता. झाडं तोडून फांद्या जाळायच्या आणि शेत मोकळं करायचं, ही दोन्ही किनाऱ्यांवरची रीत होती. द्वीपकल्पावर आधीच जागोजागी आगी धुमसत होत्या. त्या रात्रीच्या वादळी वाऱ्याने दोन्हीकडच्या आगी एकाच वेळी भडकवल्या. विल्यमसनव्हिल या लाकडी कौलांच्या गिरणीच्या वस्तीत पाऊणशेच्या आसपास माणसं होती, त्यांतली सुमारे ६० मेली. ती जागा आज हायवे ५७ला लागून छोटं स्मारक-उद्यान आहे. तुम्ही तिथून दरवर्षी पुढे जात असणार.

आणि इथेच बेल्जियन येतात. १८५३ साली बेल्जियममधल्या ग्रे-द्वासो परिसरातून पहिली काही कुटुंबं निघाली, मागून हजारो आले. हे वालून (फ्रेंचच्या जवळची बोली) भाषक. जळालं ते मुख्यतः त्यांचं. नंतर त्यांनी लाल विटांची घरं बांधली, काही ठिकाणी लाकडी ओंडक्यांच्या घरावरच विटांचं आवरण चढवलं. स्वयंपाकाची वेगळी खोली, तिच्या मागे बाहेर आलेली पावाची भट्टी, रस्त्याकडेला खोलीएवढी प्रार्थनागृहं: काउंटीतल्या नामूर आणि ब्रसेल्स या गावांभोवती हे आजही दिसतं आणि नामूरचा परिसर राष्ट्रीय ऐतिहासिक वारसा म्हणून नोंदलेला आहे. स्कँडिनेव्हियनही आहेतच. एफ्रेम हे गाव नॉर्वेजियन मोरावियनांनी (एका प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी) १८५३ सालीच वसवलं आणि तिथे २०१६पर्यंत दारू विकत मिळत नव्हती. वॉशिंग्टन बेटावर १८७०पासून आइसलँडचे लोक आले. फरक एवढाच, की पर्यटक उत्तरेकडे जातात आणि दक्षिणेतून गाडी न थांबवता निघून जातात. त्यामुळे काउंटी ‘मुळात स्कँडिनेव्हियन’ वाटते.

राहिला फिश बॉइल. बेचव वाटला असेल तर कुठेतरी क्रम चुकला असणार. साधारण आठ लिटर पाण्याला अर्धा किलो मीठ लागतं. हा आकडा वाचून आपल्याकडची कोणतीही सुगरण दचकेल, पण ते सगळं माशात उतरत नाही, कारण मासा पाण्यात थोडाच वेळ असतो. निम्मं मीठ लहान लाल बटाट्यांबरोबर घालायचं. बटाट्यांची टोकं कापायची, म्हणजे मीठ आत जातं. वीसेक मिनिटांनी कांदे, ते मऊ होत आले की उरलेलं मीठ आणि जाळीच्या टोपलीत व्हाइटफिश या सरोवरातल्या माशाचे कातडीसह दोन इंच जाड तुकडे. दहा मिनिटं, झाकण न ठेवता. माशाचं तेल आणि मळी वर फेस होऊन येते. टोपली त्या फेसातून वर काढली तर तो सगळा माशाला चिकटतो आणि वास मारतो. म्हणून आचारी जाळावर थोडं रॉकेल फेकतो: भडका उठतो, भांडं उतू जातं, फेस वाहून जातो आणि त्याच पाण्याने जाळही बसतो. तमाशा १९६०च्या दशकात पर्यटकांसाठी वाढला, पण कृतीमागे कारण आहे. घरी गॅसवर करायचं तर रॉकेलच्या भानगडीत पडू नका, झाऱ्याने फेस पुरता काढा. वर वितळलेलं लोणी भरपूर, लिंबू. आपली हिरवी मिरची नेली तर कोणी अडवत नाही.

मासा कुठला, हेही विचारा. बाहेरून आलेल्या क्वागा शिंपल्यांनी प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) गाळून खाल्ल्याने मुख्य मिशिगन सरोवरातला व्हाइटफिश आटत चाललाय. ग्रीन बेमध्ये नद्या पोषकद्रव्यं आणतात, तिथे तो अजून बरा टिकून आहे. तुकड्यात काटे असतात. मुलांसाठी काटे काढून द्यायला सांगा, बहुतेक ठिकाणी देतात. आणि रॉकेल टाकायच्या आधी वारा कुठून येतोय ते पाहून त्या बाजूला उभे राहा. आचारी सांगतोच, पण फोटोच्या नादात ऐकत कोणी नाही.