तंगडी अडवायची कशी?

समजा बाहेरचं स्वस्त चिकन तुमच्या देशात येऊ घातलंय आणि पोल्ट्रीवाले सकाळपासून तुमच्या केबिनबाहेर बसलेत. टेन्शन घेऊ नका. फक्त 'आमच्या धंद्याचं काय' हे तोंडातून निघता कामा नये, पोटात धंदा आणि ओठात रोग, एवढं सांभाळा.

अमेरिकेत लोक ब्रेस्ट पीस आवडीने खातात, तंगड्या उरतात, आणि आपल्याकडे तर तंगडीवरून सख्ख्या भावांची भांडणं! म्हणजे खरी भीती तंगडीची, पण कागदावर लिहायचं बर्ड फ्लू. नवा कायदा कशाला, 1898 चा गोऱ्या साहेबाचा पशुधन आयातीचा कायदा आहे की अजून धडधाकट. 2007 ला आपण त्याच्याच खाली अमेरिकन चिकनवर बंदी घातली. आता तेव्हा अमेरिकेत 2004 नंतर जहाल फ्लू निघालेला नव्हता, सौम्यच काय तो अधूनमधून निघायचा, पण चालतंय, एका फार्मवर कोंबडी शिंकली की अख्खी अमेरिका बंद.

घरी मात्र कंपास काढायचा हं. 2006 च्या फेब्रुवारीत आपल्या नवापूरला फ्लू निघाला, लाखो कोंबड्या मारून पुरल्या, तेव्हापासून आपला हिशोब ठरलेला, रोग निघाला तिथे कंपासचं टोक टेकवा, 10 किलोमीटरचं वर्तुळ मारा, वर्तुळाबाहेरची कोंबडी ठणठणीत. तोच कंपास अमेरिकेच्या नकाशासाठी मागितला तर सापडत नाही म्हणून सांगायचं.

2012 ला अमेरिकावाले तक्रार घेऊन जागतिक व्यापार संघटनेत गेले. तिथले पंच विचारतात, धोक्याचा शास्त्रीय अभ्यास कुठाय? अभ्यास केलाच नसेल तर पॅरिसच्या पशुआरोग्य संघटनेच्या नियमांकडे बोट दाखवा, कोण उघडून बघतंय! (त्यांनी उघडून बघितलं. सौम्य फ्लूसाठी अख्खा देश बंद करा असं त्यात कुठंच नव्हतं.) 2014 ला हरलो, अपील केलं, 2015 ला परत हरलो. युरोपवाल्यांचं बघा, हार्मोनवालं बीफ 1989 पासून अडवून बसलेत, केस हरले तरी हलले नाहीत, याला म्हणतात चिकाटी.

मग समोरचा वर्षाला 45 कोटी डॉलरची भरपाई मागतो, तेव्हा दचकायचं नाही, चर्चा चालू ठेवायची. 2023 ला मिटलं एकदाचं, आपण फ्रोजन टर्की, बदक आणि ब्लूबेरीवरचं शुल्क कमी केलं. शेजारच्या काकूंना विचारलं टर्की आणणार का, त्या म्हणाल्या, देश ना तो?

आणि तंगडी? तिच्यावर 100 टक्के आयात शुल्क आहेच की.