इंजेक्शन नवऱ्यालाही हवं

पाचवा महिना होता. रक्ताचे रिपोर्ट आले, हिमोग्लोबिन, शुगर, एचआयव्ही सगळं ठीक. व्हीडीआरएल ही तपासणी पॉझिटिव्ह, एकास बत्तीस (रक्त बत्तीस पट पातळ केलं तरी पॉझिटिव्ह). म्हणजे सिफिलिस, शरीरसंबंधातून पसरणारा आजार. गावाकडे याला गरमी म्हणतात, तेही आवाज खाली आणून. माझ्या अंगावर साधी पुळी नव्हती.

चार वर्षांनी हे लिहितेय, कारण सिडकोतल्या एका मुलीला आता तेच निघालंय (तिला विचारूनच लिहितेय). सासू तिला म्हणाली, "तू घे औषध, त्याला यात ओढू नकोस."

ओढायलाच हवं! पेनिसिलिनने हा आजार बरा होतो, पण पुन्हा होऊ शकतो. नवरा तसाच राहिला तर बायकोने घेतलेलं औषध वाया जातं. आणि पोटात बाळ असेल तर जंतू वारेतून त्याच्यापर्यंत पोचतात, बाळ दगावूही शकतं. कुणाची अब्रू जपताय आणि कुणाच्या जिवावर?

माझा नवरा नऊ दिवस ऐकत नव्हता. "मला काही होत नाही." मग एका रात्री स्वतःच म्हणाला, लग्नाच्या तीन-चार महिने आधी एक जखम झाली होती, दुखली नाही, आपोआप भरली. तिथेच फसतात लोक. जखम भरते, आजार आत राहतो. त्यानंतर आमची जी भांडणं झाली ती आमच्यापाशीच राहू देत.

सिव्हिल हॉस्पिटलच्या सुरक्षा क्लिनिकला, म्हणजे अशा आजारांच्या सरकारी दवाखान्यात, दोघं गेलो. तपासणी, औषध मोफत. २४ लाख युनिटचं इंजेक्शन, दुधासारखं पांढरं, घट्ट. अर्धं कमरेच्या एका बाजूला, अर्धं दुसऱ्या. आठवड्याला एक, असे तीन आठवडे. पहिल्या रात्री मला ताप भरला, तो येऊ शकतो हे सिस्टरने आधीच सांगितलं होतं. परत येताना सीबीएस बसस्टँडजवळ चहा घेतला, बसवत नव्हतं म्हणून दोघांनीही उभ्यानेच. त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्याकडे बघून मला राग आला नाही.

माझा आकडा उतरत एकास चारवर आला. मुलीचंही रक्त तपासत राहिलो, ते निगेटिव्ह झालं. ती आता बालवाडीत जाते. टीपीएचए ही सिफिलिसचीच दुसरी तपासणी मात्र बरं झाल्यावरही बहुतेकांचं जन्मभर पॉझिटिव्ह येतं. मागच्या वर्षी मुतखड्याच्या वेळी एका लॅबमध्ये सगळ्यांसमोर मला विचारलं, "हे काय हो?" मी जुने रिपोर्ट काढून दाखवले. घरी येऊन रडले, हेही खरं.

सोमवारी त्या मुलीबरोबर मी सिव्हिलला जाणार आहे. तिच्या नवऱ्याशी बोलायला आज संध्याकाळी माझा नवरा गेलाय.