व्रण, डाग आणि चाई या एक नाहीत: त्या २१ दिवसांच्या मेसेजला उत्तर

गेल्या महिनाभरात निदान दहा जणांनी काउंटरवर मोबाईल पुढे करून मला एकच मेसेज दाखवला. सोलापूरच्या पूर्व भागात माझं मेडिकल आहे. येणाऱ्यांत विडी वळणाऱ्या बायका, यंत्रमागावरचे आणि डाईंगमधले कामगार जास्त. "अक्का, यात लिहिलंय ते सगळं द्या," म्हणतात.

मेसेजमधले दावे असे. व्रण हा वरच्या कातडीचा डाग असतो, लिंबू-मधाने २१ दिवसांत जातो. व्हिटॅमिन ईची कॅप्सूल फोडून चोळली की उरलासुरलाही जातो. व्रण वाढून गाठ झाली तर कापून टाकावी, विषय संपतो. व्रणात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊ नये, हाडं पोकळ होतात. डोक्यावर केस गेलेला चट्टा म्हणजे चाई, कांदा किंवा बिब्बा चोळला की केस येतातच. आणि तळाशी: डॉक्टरकडे पैसे घालवू नका.

मी फार्मसिस्ट आहे, डॉक्टर नाही. पण हे वाचून मुकाट्याने माल देणं मला पटत नाही, म्हणून एकेक मुद्दा घेते.

१. लिंबू, मध आणि २१ दिवस

मुरूम किंवा डास चावून खाजवल्यावर काळपट खूण राहते. तिच्यावरून बोट फिरवलं की कातडी सपाट लागते. तो डाग. आपल्या सावळ्या कातडीवर तो उठून दिसतो, पण बहुतेक वेळा काही महिन्यांत आपणहून फिका होतो; उन्हापासून जपलं तर लवकर. व्रण वेगळा. जखम कातडीच्या आतल्या थरापर्यंत गेली की शरीर तिथे घाईने नवे तंतू भरतं. चादर फाटल्यावर रफू करतात ना, तसं. भोक बुजतं, पण मूळ वीण परत येत नाही. त्या जागी केसांची मुळं नसतात, घामाच्या ग्रंथी नसतात, आणि बोटाला खड्डा, उंचवटा किंवा ताठरपणा लागतो.

तिसऱ्या आठवड्यात या रफूची ताकद मूळ कातडीच्या पाव हिश्श्याच्या आसपास असते. आतलं काम पुढे वर्षभर, कधी त्याहूनही जास्त चालतं आणि शेवटीही ताकद साधारण ८० टक्क्यांपर्यंतच पोचते. पहिले काही महिने व्रण लाल, जाड आणि खाजरा असणं, मग हळूहळू मऊ पडणं हा त्याचा नेहमीचा क्रम. म्हणजे २१व्या दिवशी व्रणाचं काम नुकतं सुरू झालेलं असतं. मेसेजमधल्या फोटोतली खूण खरंच गेली असेल, तर तो बहुधा डाग होता.

लिंबाने मात्र नुकसान होतं. त्याच्या रसात आणि सालीत असे घटक असतात की ते कातडीवर असताना ऊन लागलं तर कातडी भाजते, फोड येतात आणि मागे काळे पट्टे राहतात. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात गालाला लिंबू लावून भाजी आणायला बाहेर पडणं म्हणजे नवा डाग ओढवून घेणं.

२. व्हिटॅमिन ई

हिरव्या कॅप्सूल माझ्याकडे भरपूर खपतात, तरी सांगते. १९९९ साली अमेरिकेत १५ रुग्णांच्या ताज्या व्रणांवर याची चाचणी झाली: अर्ध्या व्रणाला नुसतं मलम, अर्ध्याला व्हिटॅमिन ई घातलेलं. बहुतेकांत काही फरक पडला नाही किंवा व्रण आणखी वाईट दिसला, आणि तिघांतल्या एकाला त्या जागी ॲलर्जीची पुरळ आली. चाचणी लहान होती, पण तिच्यात फायद्याची बाजू दिसलीच नाही. पैसे खर्चायचेच असतील तर सिलिकॉनची पट्टी किंवा जेल बरं. जखम पूर्ण बंद झाल्यावर, दिवसाचे निदान बारा तास, दोन-तीन महिने. तिचाही परिणाम बेताचाच असतो, चमत्कार होत नाही.

३. गाठ कापली की विषय संपतो

इथे मला राग येतो, कारण हे माझ्या भाचीच्या बाबतीत घडलंय. कानाची पाळी वर दुसऱ्यांदा टोचून घेतली, तिथे वाटाण्याएवढी गाठ आली. एका दवाखान्यात ती दहा मिनिटांत कापून दिली. पुढे काय करायचं, कधी परत यायचं, कोणी काही सांगितलं नाही. आठ महिन्यांत त्याच जागी लिंबाएवढी गाठ. पोरगी दोन वर्षं केस मोकळे सोडून कान झाकत फिरली.

उंच व्रण दोन प्रकारचे असतात, आणि ही ओळख पटली की उपचाराची निम्मी दिशा ठरते. एक जखमेच्या हद्दीतच राहतो. जाड झाला तरी टाक्यांच्या रेषेबाहेर जात नाही आणि बऱ्याचदा काळाबरोबर बसतो. दुसरा म्हणजे केलॉइड. तो मूळ जखम ओलांडून आजूबाजूच्या चांगल्या कातडीत पसरतो, खाजतो, दुखतो आणि आपणहून बसत नाही. कानाची पाळी, छातीचा मधला भाग, खांदे, पाठीचा वरचा भाग, जबडा या त्याच्या आवडत्या जागा. दंडावर बीसीजीची लस दिलेल्या ठिकाणीही काहींना होतो. सावळ्या-काळ्या कातडीत जास्त, दहा ते तीस या वयात जास्त, आणि कित्येक घरांत पिढ्यान्‌पिढ्या.

केलॉइड नुसता कापला तर तो परत येण्याचं प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत ४५ टक्क्यांपासून थेट १०० टक्क्यांपर्यंत आढळलंय. कारण सरळ आहे: ज्या कातडीला जखमेवर वेड्यासारखे तंतू भरायची खोड आहे, तिला आपण आणखी मोठी जखम देतो. म्हणून शस्त्रक्रिया केलीच तर तिच्या पाठोपाठ इंजेक्शनं, दाब देणारं कर्णफूल किंवा काही वेळा रेडिएशन, असं आधीच ठरवून करतात. घरात कोणाला केलॉइड असेल तर हौसेखातर टोचून घेण्याआधी दहादा विचार करावा.

४. इंजेक्शनने हाडं पोकळ होतात

यात अर्धं सत्य आहे, म्हणूनच लोक घाबरतात. स्टेरॉइडच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या तर हाडं ठिसूळ होतात, हे खरं. केलॉइडमध्ये देतात ते ट्रायमसिनोलोन नावाचं स्टेरॉइड थेट गाठीत, थोड्या प्रमाणात, चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने देतात. सुई दुखते, फार दुखते, हे आधीच सांगितलं पाहिजे. कातडी पातळ किंवा पांढुरकी होऊ शकते, बायकांची पाळी मागेपुढे होऊ शकते. मधुमेह असेल किंवा दिवस गेले असतील तर डॉक्टरांना आधी सांगायचं. पण गाठ सपाट करून खाज थांबवण्यात याचा उपयोग आहे. भाचीची गाठ अखेर अशाच इंजेक्शनांनी बसली, पाच महिने लागले.

स्टेरॉइडची भीती बाळगायचीच असेल तर चेहरा उजळवायला चिठ्ठीशिवाय मागतात त्या स्टेरॉइडच्या ट्यूबची बाळगा. इंजेक्शनला घाबरणारी माणसंच ती ट्यूब माझ्याकडे मागतात, आणि मी देत नाही म्हणून रागावून जातात.

डॉक्टरकडे कशाला जायचं, याचंही उत्तर इथेच देते. जुन्या भाजल्याच्या व्रणात न भरणारी जखम झाली तर तिचा तुकडा तपासावाच लागतो. तिथे बऱ्याच वर्षांनी कॅन्सर होऊ शकतो. फिकट चट्टा बधिर असेल तर तो व्रण नसून कुष्ठरोग असू शकतो, आणि त्याचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत होतात. डाईंगमध्ये गरम पाण्याने भाजलेला कोपर आखडायला लागला तर व्यायाम आणि दाबाची पट्टी वेळेवर हवी, नाहीतर हात सरळ होत नाही.

५. डोक्यावरचा चट्टा, कांदा आणि बिब्बा

सगळ्यात घातक ओळ ही. चाई म्हणजे केस गोल चट्ट्यांत गळतात तो आजार. तिच्यात केसांची मुळं झोपलेली असतात, मेलेली नसतात. नीट पाहिलं तर केसांची बारीक छिद्रं दिसतात, आणि कित्येकांचे केस काहीही न लावता परत येतात. कांद्याला श्रेय मिळतं ते बऱ्याचदा यामुळे. २००२ साली बगदादमध्ये कांद्याच्या रसाचा एक लहान अभ्यास झाला होता आणि त्यात केस आले होते, हे मी लपवत नाही. पण तो चाईवरचा होता. व्रण पडलेल्या टाळूवरचा नव्हता.

व्रण पडतो तेव्हा छिद्रंच बुजतात, कातडी गुळगुळीत आणि चकचकीत दिसते. केस पुन्हा उगवण्यासाठी मुळाशी ज्या पेशी लागतात त्याच नष्ट होतात, मग कांदा चोळा नाहीतर सोनं. लायकेन प्लॅनोपिलारिस आणि डिस्कॉइड ल्युपस (यांत शरीराची संरक्षणयंत्रणा आपल्याच कातडीवर उलटते), केसांच्या मुळांचा पू होणारा आजार, अशी कारणं बरीच. कडेच्या केसांभोवती लाली, कोंड्यासारखे पापुद्रे, आग किंवा खाज असेल तर आजार अजून पुढे सरकतोय असं समजायचं. डॉक्टर डर्मोस्कोपने, म्हणजे कातडी मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने, छिद्रं पाहतात आणि गरज पडली तर तपासायला कातडीचा चार मिलीमीटरचा तुकडा काढतात. तोही मधल्या टकलातून न घेता कडेच्या, अजून केस असलेल्या भागातून, कारण आजार तिथे जिवंत असतो. उपचाराने गेलेले केस सहसा येत नाहीत, पण उरलेले वाचवता येतात. म्हणून इथे वाया गेलेला प्रत्येक महिना केसांच्या हिशेबात मोजावा लागतो.

आणि बिब्बा! धोबी कपड्यावर न पुसणारी खूण करायला जो वापरत, तो. वैद्य तो शुद्ध केल्याशिवाय वापरत नाहीत. कच्च्या बिब्ब्याचं तेल कातडी जाळतं, फोड आणतं, आणि जिथे व्रण नव्हता तिथे व्रण करतं.

मागच्या पावसाळ्यात एक विडी कामगार बाई सात वर्षांच्या मुलाला घेऊन आली. डोक्यावर मऊ, पू भरलेली सूज, त्यावरचे केस ओढले की हातात येत होते. शेजारणीने मेसेज वाचून बिब्बा लावायला सांगितला होता, आणि ती तो मागायलाच आली होती. मला शंका आली ती बुरशीची. भावंडांत कंगवा आणि टॉवेल एकच असला की ती पसरते. गळू समजून चिरा देतात तेही चुकतं. मलम मुळापर्यंत पोचत नाही, पोटातून काही आठवडे औषध लागतं. मी तिला काहीच विकलं नाही, सिव्हिलच्या त्वचारोग ओपीडीला पाठवलं. तिथे केस तपासून बुरशीच निघाली, दीड महिना गोळ्या चालल्या. दिवाळीत तो आईबरोबर दुकानात आला तेव्हा मी त्याचं डोकं उजेडाकडे वळवून पाहिलं. केस आले होते. मधोमध रुपयाएवढी जागा तेवढी गुळगुळीत राहिली आहे.